पाठमोरी तुकडी

बारीकराव हे नाव ऐकून नवा माणूस हमखास फसायचा. त्याच्या मनात कुणीतरी काडीपैलवान उभा राहायचा, आणि प्रत्यक्षात जिन्यावरून जो गृहस्थ खाली उतरायचा त्याच्यामागचा सगळा उजेड बंद व्हायचा. नाव अंगावरून पडलेलं नव्हतं, कामावरून पडलेलं होतं. दोन पेरांएवढा शिशाचा शिपाई, त्याच्या डगल्याला बारा बटणं, प्रत्येक बटणाला वरून उजेडाचा एक ठिपका आणि खालून सावलीची एक कड. हे काम ते पंचेचाळीस वर्षं करत होते. खेळण्यातले शिपाई नव्हेत. कुणी 'खेळणी' म्हटलं की ते खिडकीबाहेर बघत बसायचे. जुन्या लढायांतले शिपाई, त्या त्या पलटणीच्या त्या त्या सालच्या गणवेशात, बुटाच्या तळव्याला चिकटलेल्या मातीच्या रंगासकट.

राहायला वरच्या मजल्यावर दोन खोल्या. खाली कुलपं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, त्यामुळे दिवसभर कानशीचा आवाज. पुढच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीशी टेबल, टेबलावर दिवा, भिंग, रंगांच्या बाटल्या. त्या खोलीच्या डाव्या भिंतीवर, टेबलाच्या उंचीला, या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटभर रुंदीची एक लाकडी पट्टी होती. घर बांधणाऱ्याने ती कशासाठी ठोकली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती फक्त धूळ साठवायची आणि बारीकरावांची पत्नी ती पुसायची.

या पत्नीला सगळं गाव 'बाई' म्हणायचं. छत्तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली होती. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी रस्त्यात टक्कल पडलेले बाप्ये त्यांना बघून हातातली सिगारेट पाठीमागे न्यायचे. फळ्यावर नुसत्या हाताने वर्तुळ काढायच्या आणि म्हणायच्या, "ज्याला शंका असेल त्याने कंपास घेऊन यावं." छत्तीस वर्षांत तिघेच आले, आणि तिघेही मुकाट जागेवर जाऊन बसले.

अकरा वर्षांपूर्वी म्युझियमने बारीकरावांना मोठं काम दिलं. नदीकाठी दोनशे वर्षांपूर्वी झालेल्या लढाईची खोलीएवढी प्रतिकृती, त्यात सहाशे बारा शिपाई. पाचशे बहात्तर रंगवून काचेआड गेले होते. चाळीस उरले होते. ही बंधाऱ्यावरची तुकडी. एका ओळीत उभी राहून नदीपलीकडच्या शत्रूवर बंदुका रोखणारी, आणि लढाईत तिथेच संपलेली. ती बारीकरावांनी मुद्दाम शेवटी ठेवली होती. त्यांना आयुष्यात आता दुसरं काही नको होतं. या चाळिसांना आपल्या हाताने डोळे द्यायचे, मग ब्रश ठेवायचा. एवढंच.

आता त्यांच्या कामाच्या दोन रीती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पहिली रीत म्हणजे डोळे सगळ्यांत शेवटी. शिपाई पुरा झाला, बूट झाले, बक्कल झालं, मिशा झाल्या, तरी डोळ्यांच्या जागा कोऱ्या. आणि जोवर डोळे नाहीत तोवर त्याला भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. बारीकराव ज्यांच्या हाताखाली शिकले ते म्हातारे कारागीर सांगायचे, "बिनडोळ्याचा माणूस आपल्यासमोर बसवला की आपला हात घाई करतो. त्याला ताटकळत ठेवायचं तर पाठमोरा ठेव." बारीकरावांनी पंचेचाळीस वर्षांत हा नेम एकदाही मोडला नव्हता.

दुसरी रीत दोऱ्याची. शिपाई कुठे बघतोय हे अंदाजाने ठरवायचं नाही. प्रतिकृतीच्या लाकडी पाटावर त्याच्या जागी त्याला उभा करायचा, दोऱ्याचं एक टोक मेणाने त्याच्या कपाळाला, दुसरं टोक तो ज्याच्याकडे बघतोय त्याला. दोरा ताणायचा आणि बाहुली त्या रेषेत ठेवायची. म्हणून तर काचेसमोर उभं राहिलं की माणसाला वाटायचं, हे एकमेकांना खरोखर बघतायत आणि आपण मध्येच कडमडलोय.

डोळ्यांचं दुखणं सुरू झालं ते अगदी हलक्या पावलांनी. वर्तमानपत्रातल्या शब्दाची मधली अक्षरं गेली. कडेची होती. बारीकरावांना वाटलं, छपाई बिघडली. मग घड्याळाचे काटे गेले आणि आकडे राहिले. मग एका सकाळी त्यांनी पत्नीकडे बघितलं तर केस होते, कान होते, गळ्यातला चष्मा होता आणि मध्ये ओलं बोट फिरवावं तसा एक पुसट डाग. डोळे चोळले. डाग गेला नाही. मान जरा उजवीकडे वळवून कडेने बघितलं, तेव्हा चेहरा परत आला.

तेव्हापासून ते सगळ्या जगाकडे कडेने बघायला लागले, आणि कुणालाही ताकास तूर लागू दिली नाही. रंगांच्या बाटल्यांच्या झाकणांना कानशीने खाचा पाडल्या. एक खाच काळा, दोन खाचा तांबडा. दुकानात हिशेबाचा कागद पुढे आला की "चष्मा घरी राहिला" म्हणायचे. चष्मा गळ्यातच असायचा.

बाईंना मात्र कोण फसवणार?

"अहो, माझ्या कानात काही आहे का?" एके दिवशी चहा ओतताना त्यांनी विचारलं.

"का?"

"महिनाभर बघतेय, तुम्ही माझ्याशी बोलत नाही, माझ्या कानाशी बोलता."

"कान छान आहे."

"एकेचाळीस वर्षांनी लक्षात आलं? डोळे दाखवून या."

"चाळीस शिपाई संपले की जातो."

"म्हणजे आधी काम बिघडवायचं, मग डॉक्टर."

"काम बिघडलेलं नाही," बारीकराव ज्या आवाजात म्हणाले त्यावर बाईंनी पुढे काही विचारलं नाही. नवऱ्याने कपाकडे नेलेला हात कपाच्या दोन बोटं अलीकडे टेकला, हे मात्र बघितलं.

भीती कसली होती ते बारीकराव स्वतःशीसुद्धा नीट बोलत नव्हते. डॉक्टर 'काम बंद' म्हणेल. म्युझियम दुसऱ्या गावच्या कुणाकडून तरी ते चाळीस डोळस करून घेईल. आणि मग उरलेलं आयुष्य खिडकीशी बसून आपण कोण, तर जिन्यावरचा उजेड अडवणारा एक जाडा म्हातारा.

त्याच आठवड्यात पहिला दिसला.

सकाळचे दहा वाजले असतील. स्वच्छ ऊन होतं, खाली कानस चालू होती. बारीकराव हात पुसत टेबलाकडे आले आणि डाव्या भिंतीच्या पट्टीवर त्यांना एक शिपाई उभा दिसला. पाठमोरा. त्यांना वाटलं, आपणच ठेवला असेल. पण तो फार स्पष्ट होता. मधला डाग त्याच्यावर पडतच नव्हता. गेल्या चार महिन्यांत त्यांनी जगात काहीच इतकं स्वच्छ पाहिलं नव्हतं. पाठपिशवीच्या कडेची शिवण, तीत दोन टाके सुटलेले, डगल्याला डाव्या खांद्याखाली ठिगळ, ठिगळाचा रंग मूळ कापडापेक्षा किंचित नवा. मानेवर घामाने चिकटलेले केस. बारीकरावांनी दोन बोटांत धरायला हात पुढे केला. बोटं बोटांना भेटली. मध्ये कुणी नव्हतं. हात मागे घेतला तर तो तिथेच उभा होता, आणि पट्टीवरची धूळ मात्र दोन ठिकाणी पुसली गेली होती, जिथे त्यांची बोटं टेकली होती तिथे.

ते खुर्चीत बसले.

दुसऱ्या दिवशी सात होते. स्वयंपाकघरात साखरेच्या डब्यापाशी दोन, आरशाखाली एक, बाकीचे पट्टीवर. सगळे भिंतीकडे तोंड करून. दोन आठवड्यांत इकडचे तिकडचे सगळे पट्टीवरच जमले आणि ओळ भरली. बारीकरावांनी मोजले, चाळीस. कुणी हलत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. फक्त कधीकधी एखाद्याचा भार एका पायावरून दुसऱ्यावर जायचा, फार वेळ ताटकळलेल्या माणसाचा जातो तसा.

ओरडावं, बाईंना हाक मारावी, असं त्यांना वाटलं नाही असं नाही. पण काय सांगणार? 'डोळ्यांनी दिसत नाही' हे लपवायचं होतं, आणि आता 'नाही ते दिसतंय' हेही. एका दुखण्याने ब्रश गेला असता, दुसऱ्याने घरातला मान. त्यांनी तोंड बंद ठेवलं आणि एकच गोष्ट पाळली. त्या भिंतीकडे पाठ करून बसायचं नाही. आणि मनात एकच धास्ती धरली. यातला एखादा वळला तर? बिनडोळ्यांचे आहेत, म्हणून तर पाठमोरे आहेत. हा नेम आपलाच.

पण कारागीर तो कारागीर. भीती वाटत असली तरी समोर इतकं सुंदर काम दिसतंय आणि त्याने ते बघून सोडून द्यायचं? तिसऱ्या आठवड्यात बारीकरावांनी खुर्ची भिंतीकडे वळवली आणि त्या पाठमोऱ्यांच्या पाठी उतरवून घ्यायला लागले. पहिल्याचं ठिगळ पहिल्या शिपायावर. दुसऱ्याच्या पट्ट्याला मारलेली गाठ दुसऱ्यावर. अकराव्याच्या पाठपिशवीला बांधलेला लहानसा कथलाचा पेला, त्याला पोचा. डोळ्यांतला डाग तसाच होता, हातातला शिपाई त्यांना धड दिसत नव्हता, मान वाकडी करूनच काम चालायचं. तरी ब्रश जिथे टेकायला हवा तिथेच टेकायचा. हाताला कसं कळत होतं ते त्यांना विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

महिनाभरात चाळीसही झाले, आणि मग बारीकरावांनी डोळे दिले. एकाच दिवसात, खिडकी उघडी टाकून. दोरा नाही लावला. दोरा आता त्यांना दिसतच नव्हता. पंचेचाळीस वर्षांचा हात आहे, दोऱ्याशिवाय चुकायचा नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. शंका आली की दाढीच्या आरशात मान वळवून कडेने स्वतःचे डोळे बघायचे. नजर कशी असते, बाहुली कुठे बसते, ही जुनी सवय होती.

क्युरेटर दुसऱ्या दिवशी आली. ही बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. म्युझियमची सगळी सूत्रं हातात असली तरी बाईंसमोर अजून खुर्चीच्या टोकावर बसायची. बारीकरावांनी चाळीस शिपाई बंधाऱ्याच्या लांब पाटावर त्यांच्या खाचांत बसवून ठेवले होते; पुढे टेबलावर नदीची आणि पलीकडच्या शत्रूची जागा खडूने आखली होती. ती मागच्या बाजूने आली आणि उभीच राहिली.

"काका, हे काय केलंय तुम्ही?"

"का?"

"या पाठी! अहो, काचेतून पाठी कुणालाच दिसणार नाहीत. आणि तुम्ही एकेकाला वेगळं ठिगळ लावलंय? पेल्याला पोचा? संदर्भ कुठून मिळाला?"

"डोळ्यांसमोर होता," बारीकराव म्हणाले. खोटं बोलायचा त्यांना कंटाळा आला होता, आणि हे तर खरंच होतं.

"बाई, बघा ना," क्युरेटर म्हणाली. "वय वाढतं तसा काकांचा हात तरुण होतोय."

बाई पुढच्या बाजूने आल्या. भिंग घेतलं. पहिल्या शिपायाचा चेहरा बघितला, मग दुसऱ्याचा, मग भराभर ओळीच्या शेवटपर्यंत गेल्या. तिथे थांबल्या. वर्गात एखाद्याने सबंध पेपर दुसऱ्याचा उतरवलाय हे कळल्यावर त्या अशाच थांबायच्या.

"दोरा कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

"अहो, दोरा द्या. आणि गं, तू टाचण्या घे. मेण तिथे डब्यात आहे."

क्युरेटरचं वय चौतीस होतं, पण ती सातवीतल्यासारखी उठली.

बाईंनी रीत उलटी चालवली. एक टोक पहिल्या शिपायाच्या कपाळाला. मग त्याच्या बाहुल्यांच्या रेषेत दोरा ताणत, तो जिथे जाईल तिथे त्या गेल्या. दोरा नदीपलीकडे गेला नाही. शत्रूला सोडून, नदी सोडून, पाट सोडून, टेबलाच्या कडेवरून तिरका डावीकडे गेला आणि भिंतीच्या लाकडी पट्टीवर टेकला. तिथे क्युरेटरने टाचणी मारली. दुसऱ्याचा दोरा. तोही तिथेच, तीन बोटं पुढे. तिसरा. चौथा.

"सगळ्यांचा कोन एकच आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "चाळीसच्या चाळीस. कुणीही शत्रूकडे बघत नाहीये. सगळे कडेने बघतायत. अगदी तुमच्यासारखे. तुम्ही माझ्या कानाकडे बघता ना, तेवढ्याच कोनातून."

बारीकरावांना टाचण्या दिसत होत्या. म्हणजे टाचण्या नव्हत्या दिसत. त्या कुठे घुसत होत्या ते दिसत होतं. पहिली टाचणी पट्टीवरच्या पहिल्या पाठमोऱ्याच्या दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये. दुसरी दुसऱ्याच्या. क्युरेटरचा हात उगाच कुठेही पडत नव्हता, बाई डोळ्यांच्या रेषा बघून जागा सांगत होत्या, आणि पट्टीवर कुणी उभं आहे हे दोघींपैकी कुणालाही ठाऊक नव्हतं. पोचा आलेल्या पेल्याच्या वर अकरावी टाचणी बसली, तेव्हा तो शिपाई जरासा पुढे झुकला, पाठीवर कुणी हात ठेवल्यासारखा.

"थांबा," बारीकराव म्हणाले. "अगं, थांबव ते."

"आता तर निम्मे पण नाही झाले."

"बाकीच्यांचे मी सांगतो." त्यांनी खुर्चीत बसल्या जागेवरून बोट दाखवलं. "बारावा तिथे. तेरावा त्याच्या पुढे, पण पट्टीला तडा गेलाय त्याच्या अलीकडे. चौदावा तड्यावर."

बाईंनी बाराव्याचा दोरा ताणला. तिथेच गेला. तेराव्याचा तड्याच्या अलीकडे. चौदाव्याचा तड्यावर.

क्युरेटरने हातातल्या टाचण्या हळूच टेबलावर ठेवल्या.

"तुम्हाला इथून तडा दिसतो?" बाईंनी विचारलं.

"तडा नाही दिसत," बारीकराव म्हणाले. "मला तुझा चेहरासुद्धा दिसत नाही. सहा महिने झाले." आणि मग सगळं सांगितलं. डाग, खाचा, पहिला शिपाई, सात, चाळीस. सांगताना ते भिंतीकडेच बघत होते, कारण बाईंकडे बघून काही उपयोग नव्हता. सगळं सांगून झालं, आणि सवयीने त्यांनी ओळ पुन्हा मोजली. शेवटच्या जागेच्या पलीकडे, कोपऱ्याच्या सावलीत, आणखी एक होता. एकेचाळीस. मोजण्यात चूक झाली असेल, असं समजून ते तेवढं बोलले नाहीत.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "वेडे आहात." आणि लगेच, "वेडे म्हणजे तसे नव्हे. सहा महिने एकट्याने? मी काय फक्त चहाला आहे का या घरात?"

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि फार कामात होत्या, पण त्यांनी नीट समजावून सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. जे गेलं ते परत येणार नाही. कडेचं राहील, ते जपू.

"आणि हे शिपाई?" बाईंनी विचारलं.

"ते बऱ्याच जणांना दिसतात," डॉक्टरीण म्हणाल्या, जसं काही सर्दीबद्दल बोलतायत. "डोळ्याने चित्र पाठवायचं थांबवलं की मेंदू रिकाम्या जागी स्वतःची चित्रं लावतो. कुणाला फुलं दिसतात, कुणाला पिटुकली माणसं, भारी कपड्यांतली. डोकं शाबूत असतं. आजोबा, ते तुमच्याशी बोलतात का?"

"अजून ओळख नाही," बारीकराव म्हणाले.

डॉक्टरीण हसल्या. बाई हसल्या नाहीत. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "टाचण्यांबद्दल विचारायला हवं होतं."

"विचारायचं होतंस."

"काय विचारणार? की दोन स्वतंत्र रेषा चौदा वेळा एकाच बिंदूत कशा छेदतात? योगायोग आहे म्हणाल्या असत्या." थोडं चालून झाल्यावर त्या पुढे म्हणाल्या, "योगायोगच आहे." पण त्या टाचण्या त्यांनी काढल्या नाहीत. पट्टी पुसायचीही सोडून दिली. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या घरात धूळ राहिली.

क्युरेटरचा फोन आला. आडवळणाने बोलत होती बिचारी. काका, नजरा पुन्हा कराव्या लागतील. एक चांगला कलाकार आहे माझ्या माहितीचा. फक्त डोळे. बाकी एका ठिपक्यालाही हात लावणार नाही.

फोन ठेवल्यावर बारीकराव टेबलाशी जाऊन बसले. तीन केसांचा ब्रश उचलला. खाली ठेवला. पुन्हा उचलला.

"देऊन टाका त्याला," बाई म्हणाल्या. "दुसरं काय करणार?"

"परक्या माणसाने यांना डोळे द्यायचे?"

"मग असेच जाऊ देत काचेआड. चाळीस जण शत्रूला पाठ दाखवण्याऐवजी कान दाखवतायत."

"तसं जाता येणार नाही यांना."

"यांना म्हणजे कुणाला? पाटावरच्यांना की पट्टीवरच्यांना?"

खाली कानस थांबली होती. बारीकरावांनी ब्रश उलटा धरला, दांडा पुढे, आणि बाईंच्या कानाच्या दिशेने केला.

"वर्तुळ काढता येतं ना तुला?"

"येतं. पण फळ्यावर. एवढंसं नाही."

"वर्तुळ ते वर्तुळ. शंका असेल त्याने कंपास घेऊन यावं."

बाईंनी ब्रश घेतला. बारीकरावांचा हात तसाच पुढे राहिला, रिकामा, थोडा वेळ. मग त्यांनी तो गुडघ्यावर ठेवला.

नऊ दिवस लागले. जुने डोळे काडीला गुंडाळलेल्या कापसाने पुसून काढायचे, शिपाई भिंतीकडे तोंड करून ठेवायचा, मग एकेकाला उचलायचं. दोरा बाई लावायच्या. बारीकराव शेजारी बसून सांगायचे. श्वास सोडल्यावर ब्रश टेक, घेताना नाही. रंग ब्रशच्या टोकाला नको, पोटाला हवा. बाई चिडायच्या, "माहितेय, माहितेय," म्हणायच्या, आणि दुसऱ्यांदा विचारायच्या. पहिले चार वाईट झाले आणि पुसले. पाचव्यापासून हात बसला.

पाचवा झाला, बाईंनी दोरा काढून त्याला नदीकडे वळवून उभा केला, तेव्हा बारीकरावांनी पट्टीकडे बघितलं. पाचव्या टाचणीपाशी कुणी नव्हतं. नुसती टाचणी.

"एक गेला," ते म्हणाले.

"कुठे?"

"माहीत नाही. पाचवा."

"उगाच काहीतरी सांगू नका, हात हलतो माझा." पण सहावा झाल्यावर त्यांनी स्वतःच विचारलं, "गेला?"

"गेला."

त्यानंतर प्रत्येक शिपायामागे विचारायच्या. कधी त्यांचा आवाज वर्गात हजेरी घेतल्यासारखा असायचा, कधी अगदी बारीक. पहिले चार पुन्हा केले, तेही गेले. पट्टी रिकामी होत चालली आणि तिच्यावरची धूळ मात्र कुठेच मोडलेली नव्हती, फक्त टाचण्या घुसल्या होत्या तेवढी जागा सोडून.

नवव्या दिवशी दुपारी चाळिसावा झाला. बाईंनी दोरा सोडवला, मोडेपर्यंत ताणलेली मान सरळ केली आणि सगळी ओळ एका नजरेत घेतली. चाळीस जण नदीपलीकडे बघत होते. एकही चुकला नव्हता. त्यांनाच जरा गहिवरून आलं असावं, कारण त्या फटकन म्हणाल्या, "झालं बाई एकदाचं. सगळे गेले ना हो?"

बारीकरावांनी मान वळवून कडेने पट्टी बघितली. खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत. टाचण्या, तडा, धूळ. आणि कोपऱ्यात, शेवटच्या जागेच्या पलीकडे, एक.

याच्या अंगावर गणवेश नव्हता. शर्ट मागून चड्डीबाहेर आलेला, कोपरावर तांबडा रंग सांडून वाळलेला. मानेवरून चष्म्याची दोरी गेलेली, तिला मध्ये गाठ, जी बाईंनी मागच्या हिवाळ्यात मारली होती. दोन पेरांएवढाच, पण असा रुंद, की जिना उतरायला लागला तर मागचा उजेड बंद व्हावा. त्याचा भार एका पायावर होता. बारीकरावांच्या डोळ्यांदेखत तो दुसऱ्या पायावर गेला.

सहा महिने खोटं बोलून झालं होतं. आता आणखी एक नको.

"एक उरलाय," ते म्हणाले.

"पाटावर तर चाळीस आहेत. मोजून बघा."

"पाटावरचा नाही."

बाईंनी कोपऱ्याकडे बघितलं. तिथे भिंत होती. मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, त्याच्या पाठीमागे सुटलेल्या शर्टाकडे, दोरीच्या गाठीकडे, आणि त्याचा चेहरा कुठे वळलाय तिकडे. गणित त्यांना लवकर सुटायचं. हेही सुटलं असावं, कारण 'कोण आहे' हे त्यांनी विचारलंच नाही.

"त्याला राहू दे तसाच पाठमोरा," त्या म्हणाल्या. "त्याची काही घाई नाही. मी ब्रश धुऊन ठेवते."

"नको," बारीकराव म्हणाले. "ओलाच असू दे."